लेसरचा प्रकाश परत का फिरतो?

५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर-झोतांनी सोन्याचं अस्तर असलेल्या एका छोट्या नळकांड्यात २.०५ मेगाज्यूल ऊर्जा ओतली. आतल्या इंधनाच्या गोळीतून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. बातमी फिरली तेव्हा सुरतेतल्या कोसाडला ओळखीच्या लोकांचा प्रश्न एकच होता: मग वीज कधी? प्रश्न रास्त आहे. शेजारी उत्राणचं वीजकेंद्र आहे. तिथला ८५ मीटर उंच जुना कूलिंग टॉवर मार्च २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला, तो बघायला इथली निम्मी वस्ती गच्चीवर होती. इथल्या माणसाला युनिटची भाषा कळते, आणि त्या भाषेत ३.१५ मेगाज्यूल म्हणजे पुरतं एक युनिटही नाही, जेमतेम ०.८७. तेवढ्यासाठी लेसरनं तारांतून ओढलेली वीज सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिटं. तेव्हा वीज कधी, याचं उत्तर एवढ्यात कोणी मागू नये.

या हिशेबाच्या आधी आणखी एक हिशेब असतो आणि तो बातमीत येत नाही. ओतलेल्या प्रकाशापैकी आत किती राहिला आणि आल्या वाटेनं परत किती गेला? लेसरनं इंधन दाबून अणुकेंद्रं जुळवण्याची, म्हणजे लेसर-संमीलनाची, पन्नास वर्षांची रखडपट्टी पाहिली तर लेसर कमी पडला असं वाटतं खरं, आणि दर खेपेला मोठा लेसर बांधलाही गेला. पण बऱ्याचदा प्रकाश पुरेसा असूनही तो हवा तिथे पोचला नाही, किंवा पोचला तो भलत्याच रूपात. प्लाझ्मातल्या प्रकाश-विकिरणाच्या अस्थिरता हे त्यामागचं मोठं कारण. माझ्या मते या अस्थिरता आजवर कोणी जिंकलेल्या नाहीत. त्यांना बगल दिली गेली आहे, आणि दर वेळी त्या बगलेची किंमत मोजावी लागली आहे.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांचा गोठवलेला थर एका पोकळ गोळीत असतो. गोळीचा पृष्ठभाग झटक्यात तापवून उडवला की प्रतिक्रियेनं उरलेला भाग आत दाबला जातो. त्यासाठी दर चौरस सेंटिमीटरवर जेवढे वॅट लागतात तो आकडा एकावर चौदा ते पंधरा शून्यं एवढा. इतक्या तीव्रतेखाली कुठलाही पदार्थ पदार्थ म्हणून राहत नाही. अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि लेसरच्या वाटेत प्लाझ्माचा ढग उभा राहतो. पुढचा सगळा प्रकाश या ढगातून जातो.

हा ढग स्वस्थ बसणारा नाही. त्याला स्वतःची कंपनं आहेत. इलेक्ट्रॉन हलके असतात, ते सगळे मिळून भराभर हेलकावे घेतात, आणि त्या हेलकाव्यांची वारंवारता केवळ घनतेवर ठरते. जड आयनांच्या लाटा त्यामानानं संथ, हवेतल्या ध्वनीसारख्या. ज्या घनतेला इलेक्ट्रॉनांची वारंवारता लेसरच्या वारंवारतेएवढी होते, तिथून पुढे प्रकाश जाऊच शकत नाही. तिला क्रांतिक घनता म्हणतात. तिच्या अलीकडच्या विरळ भागात सगळा गोंधळ घडतो.

सुरतेत घरोघरी झोपाळा असतो, तेव्हा उदाहरणासाठी लांब जायला नको. झोपाळ्यावर उभं राहून झोके घेणारं पोर एका जाण्यायेण्यात दोनदा गुडघे वाकवून ताठ होतं. बाहेरून कोणी ढकलत नाही, तरी झोका चढत जातो, कारण झोपाळ्याच्या स्वतःच्या वारंवारतेच्या नेमक्या दुप्पट वारंवारतेनं त्याला ऊर्जा मिळते. प्लाझ्माची घनता क्रांतिक घनतेच्या एक चतुर्थांश असेल तिथे लेसरची वारंवारता प्लाझ्माच्या कंपनाच्या बरोबर दुप्पट पडते. एक प्रकाशलहर मोडून दोन प्लाझ्मा-लहरी तयार होतात आणि दोन्ही वाढत सुटतात. सुरुवातीला त्या नुसत्या उष्णतेच्या खळबळीएवढ्या असतात, पण वाढ घातांकी असते. म्हणूनच या प्रकाराला विकिरण एवढंच म्हणून भागत नाही, अस्थिरता म्हणावं लागतं.

विरळ भागात यापेक्षा कुप्रसिद्ध दोन प्रकार भेटतात. उद्दीपित रामन विकिरणात लेसरची लहर मोडून एक इलेक्ट्रॉन-लहर आणि एक कमी वारंवारतेची, बहुधा उलट दिशेनं जाणारी प्रकाशलहर होते. उद्दीपित ब्रिलुआँ विकिरणात इलेक्ट्रॉन-लहरीच्या जागी आयनांची ध्वनिलहर असते. नावं जुन्या शोधांवरून आली. ब्रिलुआँ यांचं भाकीत १९२२ चं, रामन यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. रामन यांनी कलकत्त्याला पाहिलं ते द्रवांतल्या रेणूंचं विकिरण होतं आणि तो प्रकाश इतका मंद होता की दिसायला डोळे सरावावे लागत. इथे रेणू उरलेलेच नसतात, आणि परत फिरणारा प्रकाश शेकडो किलोज्यूलच्या घरात जाऊ शकतो.

दोघांचे उपद्रव वेगवेगळे आहेत. ब्रिलुआँमध्ये ध्वनिलहरीच्या वाट्याला ऊर्जा नगण्य येते, त्यामुळे जवळजवळ सगळी ऊर्जा मागे फिरणाऱ्या प्रकाशात जाते. ती सरळ लेसरच्या काचांकडे निघते. महागड्या भिंगांची धास्ती घ्यायची ती याच्यामुळे. रामन विकिरणात प्रकाश तर जातोच, शिवाय इलेक्ट्रॉन-लहर आपल्या उतारावर काही इलेक्ट्रॉन पकडून त्यांना दहा-दहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पटीत पळवते. हे तप्त इलेक्ट्रॉन गोळीच्या आत घुसतात आणि इंधन दाबलं जायच्या आधीच त्याला गरम करून ठेवतात. गरम इंधन दाबायला जड. म्हणजे रामन विकिरणाचं नुकसान दोनदा होतं, आणि मला विचाराल तर दुसरं नुकसान जास्त वाईट, कारण गेलेल्या प्रकाशाची भरपाई मोठ्या लेसरनं होते, तापलेल्या इंधनाची होत नाही.

हे सगळं कागदावर कधी आलं ते पाहिलं तर आपल्या भागाशी एक धागा लागतो. प्रेधिमन कृष्ण काव मूळचे श्रीनगरचे. १९६६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी दिल्लीच्या आयआयटीतून पीएचडी घेतली आणि ते प्रिन्स्टनला जॉन डॉसन यांच्याकडे गेले. १९६९ चा काव-डॉसन निबंध हाच प्रश्न घेऊन बसला होता: तीव्र लेसरखाली प्लाझ्मा नेहमीच्या टकरींच्या हिशेबापेक्षा जास्त कसा तापतो? १९७१ मध्ये ते अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत आले. १९७३ मध्ये श्मिट आणि विलकॉक्स यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की तीव्र झोत प्लाझ्माला बाजूला सारतो, स्वतःसाठी विरळ वाट करतो आणि तुटून बारीक धारांत विभागतो. धारांमध्ये तीव्रता आणखी वाढते आणि बाकीच्या अस्थिरतांना तिथे आयतं रान मिळतं. १९७४ मध्ये ड्रेक, काव, ली, श्मिट, लिऊ आणि रोझेनब्लूथ यांनी रामन, ब्रिलुआँ, धारांत फुटणं या साऱ्यांचा वाढीचा दर एकाच समीकरणातून काढून दाखवला. त्याआधी जो तो आपापला प्रकार धरून बसला होता. या विषयात नवा शिरलेला विद्यार्थी आजही त्या निबंधापाशी थांबतो.

काव मधल्या काळात पुन्हा प्रिन्स्टनला जाऊन १९८२ मध्ये परतले, आणि १९८६ मध्ये गांधीनगरजवळ भाट इथे इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च उभी राहिली तेव्हा तिचे पहिले संचालक झाले. कोसाड स्टेशनावरून जाणाऱ्या गाडीनं अहमदाबाद गाठलं की पुढे ही संस्था फार लांब नाही. १९८९ मध्ये तिथे ‘आदित्य’ हा टोकामॅक सुरू झाला, पुढे भारत आयटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सामील झाला. चुंबकानं प्लाझ्मा कोंडण्याची ही वाट वेगळी. लेसर-अस्थिरतांचं गणित घडवणाऱ्या माणसानं देशात संस्था उभारली ती दुसऱ्या वाटेवर. ते शहाणपणाचंच होतं, पैशाच्या दृष्टीनं तर नक्कीच. पण त्यामुळे लेसर-संमीलनात आपला वाटा मुख्यतः कागदावरचा राहिला.

आता त्या काळच्या आशा पाहा. १९७२ मध्ये नकोल्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लेसरनं गोळी दाबण्याची कल्पना जाहीर केली, तेव्हा किलोज्यूलच्या घरातला लेसर पुरेल असा अंदाज होता. आज आपण दोन हजार किलोज्यूलवर आहोत. मधली दरी सगळी अस्थिरतांमुळे पडली असं नाही, गोळीचा दाब सगळीकडून सारखा न पडणं हेही मोठं कारण आहे. तरी पहिला दणका प्रकाशानंच दिला. लिव्हरमोरला १९७७ मध्ये वीस हातांचा लेसर उभा राहिला, आणि हात अनेक म्हणून नाव ठेवलं ‘शिवा’. तो दहा किलोज्यूलच्या वर जायचा, पण अवरक्त प्रकाशात, १.०६ मायक्रॉन तरंगलांबीवर. त्यानं अस्थिरता किती वाईट असू शकतात ते दाखवलं: प्रकाश मागे फिरतो, तप्त इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो, गोळी पुरेशी दबत नाही. १९८१ मध्ये शिवा बंद झाला. अपयश म्हणून त्याची नोंद होते, पण मला तो या क्षेत्रातला सगळ्यात उपयोगी लेसर वाटतो.

शिवानंतर सगळे तरंगलांबीकडे वळले. अस्थिरतेचा जोर तीव्रता आणि तरंगलांबीचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. तरंगलांबी एक तृतीयांश केली की जोर नवव्या हिश्शावर येतो. शिवाय क्रांतिक घनता नऊपट होते, प्रकाश जास्त दाट भागापर्यंत पोचतो आणि तिथे साध्या टकरींतच शोषला जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेनं १९८० च्या सुमारास केडीपी स्फटिकांतून अवरक्त प्रकाश तिप्पट वारंवारतेचा, ३५१ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश करून दाखवला. लिव्हरमोरचा १९८४ चा दहा झोतांचा ‘नोव्हा’ याच वाटेनं गेला आणि पुढचं १९२ झोतांचं नॅशनल इग्निशन फॅसिलिटीही. किंमत अशी की रूपांतरात ऊर्जा गळते आणि अतिनील प्रकाश काचेला खातो. आज या मोठ्या लेसरांची रोजची डोकेदुखी काचेवरचे ते चरे हीच आहे.

दुसरी युक्ती झोताचा पोत बदलण्याची. मोठ्या लेसरच्या झोतात तेजस्वी ठिपके असतात, आणि एकेक ठिपका अस्थिरतेचं बीज असतो. १९८३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं झोताची सुसंगती मोडायची रीत मांडली. १९८४ मध्ये ओसाकात झोताच्या वाटेत ठिकठिकाणी कला बदलणारी काचेची पट्टी बसवण्यात आली. १९८९ मध्ये रॉचेस्टरनं रंगांची किंचित फोड करून ठिपके सतत हलते ठेवले. ठिपका एका जागी टिकला नाही की लहरीला वाढायला वेळ मिळत नाही. तोवर अस्थिरतेशी समोरासमोर भिडलेली म्हणावी तर हीच एक कल्पना.

आणि तरीही नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २००९ ते २०१२ मध्ये मोठा मुखभंग झाला. सप्टेंबर २०१२ पर्यंत प्रज्वलन करून दाखवायचं ठरलं होतं, ते जमलं नाही. कारणं अनेक, पण प्रकाशाची गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे. इथे लेसर गोळीवर थेट पडत नाही. तो नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर पडतो, भिंत क्ष-किरण देते, आणि ते किरण गोळी दाबतात. भिंतीचा प्लाझ्मा फुगून वाट अडवतो, म्हणून नळकांड्यात हेलियम भरलं होतं. पण मधल्या भागाकडे जाणाऱ्या झोतांना त्या वायूतून कित्येक मिलिमीटर जावं लागे, आणि रामन विकिरणाला एवढी लांब वाट म्हणजे मेजवानी. एकूण प्रकाशाचा सुमारे १५ टक्के परत फिरत होता, आतल्या झोतांचा त्याहून जास्त. गोळी चपटी पडू लागली. तेव्हा बाहेरच्या झोतांमधून आतल्या झोतांकडे ऊर्जा वळवायची ठरली, तीही ब्रिलुआँच्याच जोरावर: दोन झोत एकमेकांना छेदताना त्यांच्या तरंगलांबीत काही अँगस्ट्रॉमचा फरक ठेवला की ध्वनिलहर एकातून दुसऱ्यात ऊर्जा सारते. युक्ती चालली. पण आतल्या झोतांची तीव्रता वाढली आणि वाढीव ऊर्जेचा एक वाटा रामन विकिरणानं पुन्हा मागे धाडला. संगणकातली प्रतिमानं यातलं किती आधी सांगू शकली होती, हा वाद लांबवर चालला. मूळ समीकरण १९७४ पासून ठाऊक होतं, पण लहर किती वाढून कुठे थांबेल हे ते सांगत नाही, आणि प्रश्न नेमका तोच होता.

मग बगल कशी दिली? इथे गोष्ट सुरतेच्या ओळखीच्या वस्तूपाशी येते. आधीची गोळी प्लास्टिकची होती. नंतरची हिऱ्याची. सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला बनलेली. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून सिलिकॉनच्या गोळ्यावर हिऱ्याचा थर वाढवतात, त्याला पॉलिश देतात, लेसरनं केसाहून बारीक भोक पाडतात आणि त्या भोकातून आतलं सिलिकॉन विरघळवून काढतात. ही वायूतून हिरा उगवण्याची रीत सुरतेला नवी नाही. लॅबग्रोन हिऱ्याच्या कारखान्यांत मायक्रोवेव्हनं पेटवलेल्या प्लाझ्मात तेच चालतं, आणि अमरोली-कोसाडमधून कतारगाम-वराछाला कामाला जाणाऱ्यांत ती यंत्रं सांभाळणारे आहेत. लेसरही तिथे रोजचा. कच्चा हिरा लेसरनं कापण्याआधी त्यावर काळी शाई फासतात, कारण हिरा पारदर्शक, प्रकाश आरपार जातो आणि काम होत नाही. शाईपाशी पहिली ऊर्जा शोषली गेली की पृष्ठभागाचं ग्रॅफाइट होतं, मग ते ग्रॅफाइटच पुढचा प्रकाश पकडतं, आणि काप झाल्यावर उरलेली काळी पूड हिरा आम्लात उकळून काढतात. प्रकाश आत ठेवायचा प्रश्न तिथेही पहिलाच, फक्त तीव्रता इतकी कमी की रामन-ब्रिलुआँचा उंबरठा कुठल्या कुठे राहतो.

गोळी हिऱ्याची केल्यानं विकिरण का घटलं, ही साखळी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते. हिरा प्लास्टिकपेक्षा दाट, म्हणून गोळीची भिंत पातळ चालते. पातळ भिंत लवकर दबते, म्हणून वीसेक नॅनोसेकंदांचा लेसर-स्पंद दहाच्या आत आणता येतो. एवढ्या वेळात नळकांड्याची भिंत फारशी फुगत नाही, म्हणून तिला रोखणारा वायू बराच कमी करता येतो. आणि वायू विरळ झाला की रामन विकिरणाला वाढायला जागाच राहत नाही. परत फिरणारा प्रकाश थोड्या टक्क्यांवर आला. ८ ऑगस्ट २०२१ ला १.३५ मेगाज्यूल, डिसेंबर २०२२ ला ३.१५, आणि एप्रिल २०२५ ला ८.६ मेगाज्यूल, म्हणजे आपल्या भाषेत २.४ युनिटं. अस्थिरतेचं समीकरण तेच राहिलं, तिला लागणारी परिस्थिती तेवढी काढून घेतली. किंमत हीही आहे: विरळ वायू म्हणजे स्पंद लांबवणं अवघड, आणि जास्त ऊर्जा मिळवायला नेमकं तेच करावंसं वाटतं.

नळकांडं सोडून गोळीवर थेट लेसर टाकणाऱ्यांचं दुखणं वेगळं. रॉचेस्टरच्या साठ झोतांच्या ‘ओमेगा’ लेसरवर, जो १९९५ पासून चालू आहे, झोपाळ्यावाला प्रकार जास्त छळतो. वरून झोतांमधली देवाणघेवाण: गोळीच्या कडेला चाटून बाहेर जाणारा प्रकाश आत येणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन निघून जातो. त्यावर आताचा उपाय रंगांचा पट्टाच रुंद करणं हा आहे. एका झोतात वारंवारता एवढी पसरलेली हवी की कुठल्याही एका लहरीला सूर जुळवता येऊ नये. रॉचेस्टरचा ‘फ्लक्स’ हा लेसर त्यासाठीच बांधला गेला. चीनमध्ये कमी सुसंगतीच्या ‘कुन्वू’ लेसरवर असेच प्रयोग चालू आहेत. मला यातून आशा वाटते, कारण बाकीचे उपाय अस्थिरतेला चुकवतात आणि हा तिचा सूरच मोडतो.

भारतात याचं काय? इंदूरचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र १९८४ मध्ये स्थापन झालं, संस्थापक संचालक दिलीप भवाळकर, त्याआधी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसर विभाग सांभाळणारे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिलघु स्पंदांच्या लेसरनं प्लाझ्मातली प्रचंड चुंबकीय क्षेत्रं मोजली गेली, आणि २००२ च्या त्या निबंधात काव पुन्हा लेखकांमध्ये आहेत. दिल्ली आयआयटीत सोढा, घटक आणि त्रिपाठी यांनी १९७४ मध्ये लेसर-झोताच्या स्वयंकेंद्रीकरणावर जे पुस्तक लिहिलं, त्या परंपरेतलं गणित आज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही चालतं. काम चांगलं आहे. पण आपल्या लेसरांची शक्ती अत्यल्प काळात एकवटलेली आहे, फेम्टोसेकंदांत. ब्रिलुआँची ध्वनिलहर तेवढ्या वेळात जागीही होत नाही. संमीलनातलं विकिरण अभ्यासायचं तर नॅनोसेकंद टिकणारा, किलोज्यूलचे आकडे ओलांडणारा अनेक झोतांचा लेसर हवा, आणि तो आपल्याकडे नाही. शोधनिबंधांची संख्या वाढवून ही उणीव झाकता येत नाही.

परदेशात मात्र आता खासगी पैसा आला आहे आणि त्यात एक गंमत आहे. एक्सिमर एनर्जी ही अमेरिकन कंपनी क्रिप्टॉन-फ्लोराइडचा २४८ नॅनोमीटरचा लेसर घेऊन उतरली आहे. त्याचे लांबलचक स्पंद आखूड करायला ती ज्या प्रक्रियेवर भिस्त ठेवते ती उद्दीपित ब्रिलुआँ विकिरणच, फक्त गोळीपाशी न होता आधीच, वायू भरलेल्या कोठीत, ठरवून घडवलेलं. प्लाझ्मातल्या रामन विकिरणानं लेसर वाढवायची कल्पना माल्किन, श्वेट्स आणि फिश यांनी १९९९ मध्येच मांडली होती.

वीजघरासाठी गोळ्या सेकंदाला दहाच्या आसपास उडवाव्या लागतील. लिव्हरमोरला असा मोठा प्रयोग आज दिवसाला फार तर एखादा होतो, आणि मागे फिरलेला प्रकाश काचांवर काय करून गेला हे तपासायला मध्ये तास मिळतात. सेकंदाला दहाच्या वेगात तपासायला सवड नाही. तेव्हा विकिरण एखाद्या टक्क्यावर आणलं तरी तो एक टक्का दिवसाला साडेआठ लाखांहून जास्त वेळा त्याच भिंगांवर येऊन आदळणार, आणि ती भिंगं किती दिवस टिकतील याचा प्रयोग अजून कोणी केलेला नाही.